अठरा अंश

प्रणोतीनं कुपवाडहून आणलेलं खोकं
तीन दिवस ओट्यावर तसंच पडून होतं.
आत एक चिमटा, लांब दांडी, बोटाएवढे चार दगड,
आणि कमानीवर कोरलेले आकडे:
पंधरा, अठरा, वीस, बावीस.
मी म्हणालो, धार काय आकड्यावर येते?
ती म्हणाली, पप्पा, हात दाखवा बघू.
मी दाखवला नाही.

सत्तावीस भादवे झाले,
सावळजच्या माळावर खुंटापुढं मांडी घालून बसतोय.
डॉगरीजचा खुंट उभा चिरायचा,
काडीला दोन्ही अंगांनी पाचर काढायची,
साल सालीला भिडवायची, पट्टी गुंडाळायची,
बूड पुढं सरकवायचं.
चाकू बोथट असला की कापत नाही, चेचतो,
आणि चेचलेली काडी
आठ दिवस हिरवी राहून फसवते.

शिदू नानानं धार पाजायला शिकवली ती अशी:
दगडावर थुंक. पातं टेकव.
मनगट मेलेलं ठेव, खांदा चालव.
खरखरलं तर उभं झालंय,
नुसतं घसरलं तर आडवं.
मधली जागा कुठं, ते सांगायचा नाही.
"सापडंल," म्हणायचा, आणि तंबाखू मळायचा.
मला ती सातव्या भादव्यात सापडली.

गेल्या साली शंभरातल्या एकोणीस काड्या वाळल्या.
बागवाला काही बोलला नाही,
जुन्या माणसाला कोण बोलतंय.
पाण्याचं नाव घेऊन झालं, उन्हाचं, काडीचं,
पट्टीचा रोल हलका निघाला असंही म्हणून झालं.
हाताचं नाव मी घेतलं नाही.

चौथ्या दिवशी घरात कुणी नसताना
पातं चिमट्यात आवळलं.
पोरीनं सांगितलं तसं उतारावर काळं मार्कर फासलं,
दांडी अठरावर लावली,
दगड एकदाच फिरवला
आणि चष्मा पुसून बघितलं.

बुडाशी वरचा खांदा तेवढा उजळला,
धारेवर शाई जशीच्या तशी.
टोकाकडं तर सगळंच काळं.
फक्त मधली बोटभर जागा
लख्ख.
तिथं मी अठराच धरत आलो होतो,
न मोजता.
बाकी पात्यावर माझी घाई लिहिलेली होती,
टोकाशी येताना दर वेळी
मनगट उचलल्याची.

तेवढं काळं जायला अख्खी दुपार गेली.
दगडावर करडा गाळ धरला,
चिंधीनं पुसत गेलो.
दिवेलागणीला दुसऱ्या अंगाला कुसळ आलं,
बुडापासून टोकापर्यंत एकसारखं.
नानाच्या हाताला असं आलेलं
मी कधी पाहिलं नव्हतं.
वाईट वाटलं.
मग वाटलं, बरं झालं नाना नाही.
परसातली एक काडी धरून पाचर काढली.
आवाजच आला नाही.
कौतुक करावं तर कुणाचं, कळेना.
चिंधी मात्र टाकली नाही,
खोक्यातच घडी घालून ठेवली.

यंदा एकोणीसच्या जागी सहा वाळल्या.
पोरं आता आपले चाकू घेऊन ओट्यावर येतात,
मी आकडा लावून देतो,
कोण कसं धरत होतं ते शाईत दिसतं,
मी कुणाला सांगत नाही.

परवा छबुताईनं विळी पुढं केली,
एवढे दुसऱ्यांचे चाकू करताय, हिचंही बघा.
चिमट्याचं तोंड पुरेना. पातं वाकडं, खाली पाट.
फोनवर पोरगी हसली, म्हणाली, विळीला नाही जमायचं.

मग न्हाणीमागं टाकलेला जुना दगड शोधला.
थुंकलो नाही, पाणी घेतलं, खायची विळी आहे.
पाट पायानं दाबला.
मनगट मेलं, खांदा चालला,
खरखर, मग सुरसुर, मग ती मधली जागा.
टोकाशी येताना हात उचलला गेला,
आणि या वेळी
उचलताना मला दिसला.